पिवळा ओघळ

मित्रांनो, माझ्या गळ्यात एक पितळेची पाटी टांगली आहे. तेवढी वाचून पुढे जाऊ नका. पाटीवर लिहिलंय, 'जुना रांजण. सप्रेम भेट.' खाली भेट देणाऱ्याचं नाव ठळक अक्षरांत. यातलं 'जुना' खरं आहे. 'सप्रेम' वाचलं की मात्र माझ्या अंगाचा तिळपापड होतो. ज्याने मला विष घातलं, त्याचीच ही भेट आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आपली कहाणी सांगणाऱ्या जुन्या वस्तू फार सोशिक असतात. फाटकी छत्री घ्या, मोडकी खुर्ची घ्या, शेवटी सगळ्यांनी माणसांना माफ केलेलं असतं. मी केलेलं नाही. मी डूख धरून बसलो होतो आणि त्याची मला लाज वाटत नाही.

कुंभाराने मला थापून थापून घडवलं. पोट मोठं, तोंड त्या मानाने लहान, आणि तोंडाची कड आत वळवलेली. भट्टीतून काढल्यावर त्याने मला टिचकी मारली तेव्हा खणखणीत आवाज आला. 'हा खातापिता निघणार,' तो बायकोला म्हणाला. आणि तसंच झालं, कारण मी धान्य किंवा पाणी साठवायला गेलोच नाही. मी एका रंगशाळेत गेलो, निळीचा रांजण म्हणून. ऊब राहावी म्हणून मला कमरेपर्यंत जमिनीत पुरलं. रंगशाळा दोघा भावांची होती. थोरल्याला सगळे दादा म्हणायचे आणि त्याच्या बायकोला वहिनी, म्हणून मीही वहिनीच म्हणतो. धाकटा तिचा दीर. ती त्याला भावोजी म्हणायची. मीही त्याला भावोजीच म्हणणार आहे, पण तुम्ही ते दातओठ खाऊन म्हटलेलं ऐका.

आता निळीचा स्वभाव समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. काही रंग पाण्यात विरघळतात आणि धाग्याच्या आत जाऊन मुरतात. काही विरघळतच नाहीत, भिंतीच्या रंगासारखे नुसते वर बसून राहतात. नीळ मुळात या दुसऱ्या जातीची. तिची वडी पाण्यात कितीही घोळा, ती कापडाला धुळीसारखी चिकटते आणि धुतली की निघून जाते. तिला धाग्यात शिरायला लावायचं तर आधी तिचा हेका मोडावा लागतो. ते काम माझ्या पोटातले जीवाणू करायचे. डोळ्यांना न दिसणारे, पण मोठे खादाड. कोंडा आणि काकवी खाऊन ते पाण्यातला प्राणवायू संपवून टाकायचे, आणि तशा पाण्यात नीळ आपला निळेपणा सोडून मुकाट विरघळायची. पाणी हिरवट पिवळं दिसायचं, वर निळा फेस. त्यात बुडवलेलं कापड बाहेर यायचं तेही पिवळट हिरवं. मग त्याला वारा लागायचा आणि बघता बघता ते निळं व्हायचं. नवीन गिऱ्हाइकं आ वासून बघत राहायची.

वहिनी त्या जीवांना विरजण म्हणायची. जुन्या रांजणातलं तांब्याभर पाणी नव्या रांजणात घातलं की तोही आंबायला लागायचा. रोज सकाळी ती आधी माझं झाकण उचलून वास घ्यायची. 'काय रे, पोट बिघडलंय का?' असं विचारून थोडा चुना घालायची. थंडीत मला गोणपाट गुंडाळायची आणि दादाला म्हणायची, 'तुम्ही एक वेळ उपाशी राहिलात तर चालेल, याला नको.'

'या घरात कर्ता कोण ते मला माहीतच आहे,' दादा म्हणायचा.

वहिनीची नखं कायम निळी असायची. गिऱ्हाइकं म्हणायची, 'वहिनींच्या हाताला यश आहे.' मला ते माझंच कौतुक वाटायचं, आणि अर्धं होतंही.

भावोजीने माझ्यात कधी बोटसुद्धा घातलं नाही. वासानेच नाक मुरडायचा. बाजारात तेव्हा डब्यातली नीळ आली होती, खनिज तेलापासून कारखान्यात केलेली. तिच्यात एक उग्र पावडर टाकली की ती झटकन विरघळायची. डब्यातल्या निळीशी माझं वैर नाही, मित्रांनो. तीही नीळच, रंगही तोच. पण भावोजीला रंगशाळेत नुसते डबेच हवे होते, कारण डब्याला वहिनी लागत नव्हती. गिऱ्हाईक आत आलं की आधी वहिनीला हाक मारायचं आणि मग त्याच्याकडे बघायचं, हे त्याला सलायचं. तो आम्हा दोघांना पाण्यात पाहायचा.

मग दादा आजारी पडला. एका दुपारी त्याला जोराची धाप लागली आणि वहिनी तान्ह्या पोरीला कडेवर घेऊन त्याच्याबरोबर दवाखान्यात धावली. जाता जाता दारातून म्हणाली, 'भावोजी, रांजणाला खायला घाला हं.' त्या दिवशी तिने मला काही घातलं नव्हतं, पण मी कुठे मरत होतो? उपास मला नवा नव्हता. उपास पडला की नीळ तळाला बसते, जीव झोपी जातात. कोंडा पडला की पुन्हा उठतात.

भावोजी कोंडा घेऊन आला नाही. पांढरे कपडे धुवायच्या हौदावरून त्याने ब्लीचची बादली भरून आणली, माझं झाकण सरकवलं आणि ओतली. वास नाकाला झोंबला म्हणून ओतताना त्याने तोंड फिरवलं. ते पाणी जिथे जिथे शिरलं तिथे तिथे माझी माणसं मेली. मी त्यांना माणसंच म्हणतो. नीळसुद्धा गेली. ब्लीच निळीचा रंगच मोडून टाकतं, तिचं पिवळं पाणी करतं, आणि ते पुन्हा कधी निळं होत नाही. मग भावोजीने मला बादल्यांनी उपसून मोरीत ओतलं आणि हात वर केले.

वहिनी परत आली ती दादाला कायमचं पोचवून. माझं झाकण तिने उचललं तर मी रिकामा.

'मेला तो,' भावोजी म्हणाला. 'तुम्ही जाताना खायला घातलं नव्हतंत. मी घालून बघितलं, पण उशीर झाला होता. पाणी पिवळं पडलं होतं, टाकून दिलं.'

ती भानावर असती तर तिला तेव्हाच संशय आला असता. पण नुकताच नवरा गेलेली बाई रांजणाची नाडी कुठे बघत बसणार? माझ्या कडेवर हात ठेवून ती म्हणाली, 'नवरा राखता आला नाही, रांजण राखता आला नाही. माझ्या हाताला यश नाही, भावोजी.' आणि त्या मेल्याने नुसती मान हलवली. मला तोंड दिलं, पण वाचा दिली नाही, याचा राग मला त्या दिवशी आला तेवढा कधी आला नाही.

वहिनीने रंगशाळा सोडली. ती कपड्यांना इस्त्री करायच्या कामाला लागली आणि तिने पुन्हा रंगाला हात लावला नाही, हे मला फार पुढे तिच्या पोरीच्या तोंडून कळलं.

भावोजीच्या हातून एक चूक मात्र झाली होती. तोंड फिरवून ओतताना ब्लीचची एक धार माझ्या आत वळलेल्या कडेखालून घसरली होती. आतल्या भिंतीवर वर्षानुवर्षांचं निळं पूट चढलेलं होतं. त्या पुटावर तिने एक लांबट पिवळा ओघळ उठवला. वरून बघणाऱ्याला तो कडेमुळे दिसत नाही, आत वाकावं लागतं. भावोजी कधी वाकला नाही. मी मात्र त्या ओघळाच्या जिवावर जगलो.

मला जमिनीतून उकरून परसात टाकलं. आधी माझ्यात झाडू आणि काठ्या उभ्या केल्या. मग मला पालथं घातलं, आणि कामगार माझ्या बुडावर बसून चहा प्यायला लागले. पाऊस आला की पालथ्या घड्यावर पाणी ही म्हण माझ्या पाठीवर खरी व्हायची, पण मी खूश असायचो, कारण आत ओघळ कोरडा राहायचा. समोर भावोजीची भरभराट चालली होती. रंगशाळेवर मजला चढला, त्याच्या पोटावर पट्टा चढेना. त्याच्या अंगावर एखादी वीज पडावी असं मला कितीदा तरी वाटलं. पण मग वहिनीला खरं कसं कळणार, म्हणून मी ती इच्छा पुन्हा मागे घ्यायचो.

वहिनीची तान्ही पोर मोठी झाली. घरात तिला चिमी म्हणायचे, अजून म्हणतात. ती जीवशास्त्र शिकली आणि आता मी जिथे आहे त्या रंग-विज्ञान केंद्रात लोकांना रंगांबद्दल सांगायच्या कामावर लागली. 'रांजण माझ्या हातून मेला,' एवढंच आईने तिला सांगितलं होतं. चिमीला लोकांना दाखवायला निळीचा जुना रांजण हवा होता. तिने काकाला फोन केला आणि काकाला पाटीचा मोह पडला.

'तारेच्या ब्रशने घासून, चकचकीत करून पाठवतो,' तो म्हणाला.

मला उताणं केलं आणि एक कामगार ब्रश घेऊन माझ्यासमोर येऊन बसलाही. तेवढ्यात चिमीचा पुन्हा फोन. 'काका, घासू नका हं. मला आतलं पूट तसंच हवंय.'

'बरं बाई, घाण तर घाण,' काका म्हणाला. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, पण या चोराला आपण चोरी कुठे ठेवली आहे तेच माहीत नव्हतं.

केंद्रात माझ्या शेजारी एक स्टीलची टाकी होती. तिच्यातही नीळ तयार होते असं ऐकल्यावर मी मनात म्हटलं, आली डब्याची मावसबहीण. पण चिमी तिच्यासमोर उभी राहून लोकांना काय सांगते ते ऐकत गेलो आणि माझं मत बदललं. ती सांगायची, 'प्रत्येक जीवाच्या आत त्याची कामं कशी करायची त्याच्या कृती लिहिलेल्या असतात. अशा एका कृतीला जनुक म्हणतात. नीळ बनवायच्या कृती आम्ही दुसऱ्या जीवांमधून वाचल्या, नव्याने लिहून काढल्या आणि या टाकीतल्या जीवाणूंना दिल्या. आता हे साखर खातात आणि नीळ करतात. खनिज तेल लागत नाही.'

'आणि बाई, हे बाहेर निसटले तर?' एका शिंपिणीने विचारलं. ही शिंपीण नेहमी यायची.

'म्हणून टाकी बंद असते. तिचं पाणी उकळल्याशिवाय सोडत नाही. आणि यांना असं एक खाणं लावून ठेवलंय की ते यांना इथेच मिळतं, बाहेर गेले तर उपासमार.'

'माझ्या नवऱ्यासारखेच की,' शिंपीण म्हणाली.

टाकीची एक अडचण होती. नीळ तयार व्हायची, पण विरघळवायला अजून तीच उग्र पावडर लागायची. ही युक्ती जुन्या रांजणातल्या जीवांना येत होती, तर त्यांनाच विचारावं, असं चिमीला वाटलं. तिने माझ्यातलं पूट चिमूटभर खरवडलं, आणि मित्रांनो, त्यात माझी काही माणसं झोपलेली सापडली. काही जीवाणू संकट आलं की टणक कवचात स्वतःला गुंडाळून घेतात आणि वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात. पुटाच्या आत ब्लीच पोचलं नव्हतं. चिमीने त्यांना ऊब दिली, कोंडा दिला, काकवी दिली, आणि ते उठले. नीळ विरघळवण्याची त्यांची कृती तिने वाचली आणि टाकीतल्या जीवांना दिली. भावोजीच्या पावडरीच्या धंद्यावर माझंच विरजण पडलं म्हणा ना. उरलेलं तिने माझ्या पोटात घातलं. मी अर्धाच भरलो होतो, पण पाणी हिरवट झालं, फेस आला, मी जिवंत झालो. चिमीने ते कोणाला सांगितलं नाही. आईला दाखवायचं होतं म्हणे.

मला लोकांसमोर मांडायचा कार्यक्रम ठरला, पण आई यायलाच तयार नव्हती. चिमी फोनवर तिची समजूत घालत होती, तिकडून आवाज ऐकू येत होता. 'मी नको गं. माझ्या हाताला यश नाही, उगाच तुझं काहीतरी बिघडायचं.' एवढ्या वर्षांनी तेच वाक्य. माझ्या पाण्याला त्या दिवशी जरा जास्तच फेस आला होता.

कार्यक्रमाच्या दिवशी भावोजी पाहुणा म्हणून पुढच्या खुर्चीवर बसला, परीटघडीचा पांढरा शर्ट घालून. वहिनी शेवटच्या रांगेत. भावोजीने आधी भाषण ठोकलं. उथळ पाण्याला खळखळाट फार. 'हा रांजण मी जिवापाड सांभाळला,' तो म्हणाला. 'वहिनींकडून एकदा उपाशी राहिला आणि मेला. चालायचंच, माणूस आहे. पाणी पिवळंधमक झालं होतं, निळीचा कणसुद्धा सापडला नाही.' लोकांनी वळून मागे पाहिलं. वहिनीने मान खाली घातली.

मग चिमीने तीन काचेच्या बरण्या टेबलावर ठेवल्या. 'तिन्हींत निळीचं जिवंत पाणी होतं,' ती म्हणाली. 'ही पहिली मी उपाशी ठेवली. पाणी निवळलं, नीळ तळाला बसली. मेली असं वाटतं ना? ही दुसरीही अशीच उपाशी होती. मग तिला कोंडा घातला. बघा, पुन्हा हिरवट झाली. उपाशी राहिली तरी झोपते फक्त. आणि या तिसरीत मी ब्लीच घातलं.' तिसऱ्या बरणीत पिवळं पाणी होतं. तळाला काही नव्हतं.

'साहेब आत्ता सांगत होते ते हेच पाणी की,' शिंपीण म्हणाली.

भावोजीच्या तोंडाचा रंग उडाला. शेवटच्या रांगेत वहिनी उभी राहिली होती. ती त्या पिवळ्या बरणीकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते.

चिमीला अजून काहीच कळलं नव्हतं. तिने आपल्या ओघात माझं झाकण काढलं आणि आत टॉर्च मारला. 'या रांजणात एक कोडं आहे. कडेखाली हा पिवळा ओघळ. आधी मला चुना वाटला, पण व्हिनेगर लावलं तर फसफसला नाही.'

'चुनाच असेल,' भावोजी म्हणाला. 'नाहीतर मेल्यावर धुतला असेल मी ब्लीचने. कोणाच्या लक्षात राहतं?'

वहिनी पुढे आली. तिने माझ्या कडेवर हात ठेवला आणि वाकून आत पाहिलं. ओघळाच्या टोकापर्यंत तिने बोट नेलं. मग म्हणाली, 'रिकाम्या रांजणात ओतलं असतं तर ओघळ तळापर्यंत गेला असता. हा मध्येच थांबलाय. थांबलाय तिथपर्यंत पाणी असायचं माझं. भावोजी, तुम्ही भरल्या रांजणात ओतलंत. जित्या रांजणात.'

'काहीतरीच काय, वहिनी. साधा डाग आहे, पुसला की जाईल.' त्याने रुमाल काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्यात वाकला. पोट कडेवर टेकलं, तोल गेला, आणि हात कोपरापर्यंत माझ्या पाण्यात. मी त्याला ओढलं असं मी म्हणणार नाही. ओढता आलं असतं तर सोडला नसता.

हात बाहेर आला तो पिवळट हिरवा. 'काही नाही, दाखवायला नीळ कालवलीय, धुतली की जाते,' असं म्हणत तो रुमालाने पुसायला लागला. मी मेलेला आहे याची त्याच्याइतकी खात्री कोणाला असणार?

'ते नुसतं पाणी नाही, काका,' चिमी म्हणाली. 'रांजण जिवंत आहे.'

तोवर वारा लागला होता. बोटं हिरवी झाली, मग निळी झाली. नखांच्या कडा गडद झाल्या. पांढरी बाही कोपरापर्यंत निळी झाली.

'रंगेहाथ पकडणं म्हणतात ते हे होय?' शिंपीण म्हणाली.

कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. भावोजी हात लपवायला जागा शोधत होता, आणि पांढऱ्या शर्टावर जिथे लपवायला जाईल तिथे ठसा उमटत होता. इतकी वर्षं मी हात धुऊन त्याच्या मागे लागलो होतो. आता धुवायची पाळी त्याची होती. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू.

वहिनी हसली नाही. 'व्हिनेगरच्या पाण्याने धुवा, म्हणजे चुना चरचरायचा नाही,' ती म्हणाली. 'रंग मात्र जाणार नाही. कातडीचा जाईल हळूहळू. नखांतला नखं वाढून कापली जातील तेव्हाच जाईल. मला माहीत आहे. माझा तसाच गेला.'

भावोजी निघाला. धांदलीत त्याचा हात माझ्या पाटीला लागला आणि पितळेवर पाच निळी बोटं उमटली. चिमी पाटी काढायला निघाली होती, पण वहिनी म्हणाली, 'राहू दे गं. नाव आहे, आता हातही दिसतोय. बरं झालं.'

मग तिने बाही वर सारली. 'घालू का गं मी हात?' तिने चिमीला विचारलं, स्वतःच्याच रांजणात हात घालायला. चिमीने मान डोलावली. वहिनीने आधी वास घेतला. 'काय रे,' ती म्हणाली, 'भूक लागली का?' आणि हात बुडवला. आता ती रोज सकाळी येते. तिची नखं निळी आहेत, आणि ती कशी निळी झाली हे ती लोकांना स्वतः सांगते.

आता शेवटी तुम्हाला काहीतरी शिकवायला हवं. तर जुनं भांडं घासायला घेण्याआधी एकदा आत वाकून बघत जा, आणि ज्याचं पोट तुमच्या भरवशावर आहे त्याला वेळेवर खायला घाला. राहता राहिली क्षमा. पाटीवरची बोटं बघून काही भली माणसं मला सांगतात, दुसऱ्याची चूक पोटात घालावी. मीही घातली होती, मित्रांनो. पण माझ्या पोटात घातलेलं मुरतं.